तालुक्याच्या गावात संगीत नाटक मंडळ: संस्थापकाच्या गळ्यात नेमकं काय काय पडतं?

तापीकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

चोपडा-यावल पट्ट्यातल्या एका मोठ्या गावात हौशी संगीत नाटक मंडळ काढायचं घाटतंय. जमेची बाजू अशी: भजनी मंडळातले पाच-सहा तयार गळे, संगीताच्या परीक्षांपैकी मध्यमा झालेल्या दोन मुली, एक विशारद शिक्षिका, हुकमी तबलजी. पेटीवाला एकच, तोही लग्नसराईत बँडबरोबर. गद्य नाटकं केलेले चौघे आहेत, जळगाव केंद्रावर राज्य नाट्य स्पर्धेत उतरलेले. नाट्यगृह नाही. शाळेचं मैदान आहे आणि एक मंगल कार्यालय.

संगीत नाटक जगेल की मरेल ही चर्चा इथे नको, ती दुसऱ्या धाग्यांवर भरपूर झाली आहे. जो माणूस संस्थापक म्हणून उभा राहणार, त्याने पहिल्या वर्षात काय करायचं, कशात हात घालायचा नाही आणि गाडं कुठे अडतं, एवढं सांगा. शक्य तिथे आकड्यांसकट.

---

रंगपट

तापीकाठ भाऊ, बहुतेक मंडळं आधी नाटक ठरवतात आणि मग गळे शोधतात. उलटं करा. सगळ्यात आधी गळ्यांची नोंदवही.

प्रत्येक गाणाऱ्याला एकेकटं पेटीसमोर बसवा. चार रकाने: षड्ज (सा) कुठल्या पट्टीत सहज लागतो, खाली मंद्रात कुठपर्यंत आवाज टिकतो, वर तारसप्तकात कुठल्या सुरानंतर ओढाताण होते, आणि वीस मिनिटं सलग गायल्यावर तोच वरचा सूर पुन्हा लागतो का. चौथा रकाना कुणी भरत नाही. भजनातला गळा कोरसच्या आधाराने वर चढतो, एकट्याने तीन अंक काढायचे म्हटलं की दुसऱ्या अंकात बसतो. ते तालमीच्या पहिल्या आठवड्यात कळलेलं बरं.

साधारणपणे पुरुष काळी एक ते काळी दोन (म्हणजे पेटीची पहिली-दुसरी काळी पट्टी सा धरून), बायका काळी चार-काळी पाच असं निघेल. इथेच पहिली अडचण. जुन्या नाटकांतली स्त्रीभूमिकांची पदं पुरुष नटांच्या गळ्यासाठी बसवलेली आहेत. आज ती बाई गाणार म्हणजे पट्टी बदलणार. अर्जुन काळी एकमध्ये, सुभद्रा काळी चारमध्ये. पेटीवाल्याला हे जड नाही, कारण काळी एक हा काळी चारचा मध्यम (म) आहे, हात सरावतो. तबलजीला मात्र दुसरा तबला पुढे ओढावा लागतो. म्हणून संहिता कापताना दोन वेगळ्या पट्ट्यांच्या पदांमध्ये निदान चार-पाच वाक्यं गद्य शिल्लक ठेवा. कापणारा माणूस गाण्यातला नसेल तर तो नेमकी हीच वाक्यं उडवतो आणि मग प्रयोगात नायिका पहिली ओळ जुन्याच पट्टीत उचलते.

आता वेळेचं गणित. 'सौभद्र'मध्ये मुळात शंभरावर पदं आहेत. आजचा प्रेक्षक मध्यंतरासकट तीन तास बसतो, मैदानावर त्याहून कमीच. एक पद सरासरी साडेचार मिनिटं धरलं तर 20 पदांचे 90 मिनिटं झाले. गद्याला 70, मध्यंतराला 15. झाले पावणेतीन-तीन तास. वन्स मोअर आला तर वर. म्हणजे नव्या मंडळाने 14 ते 16 पदांवर थांबावं. कुठली पदं ठेवायची? गाजलेली नव्हे, आपल्या नोंदवहीत ज्यांना गळा आहे ती. आणि ज्या पदातून गोष्ट पुढे जाते ते कापलं तर तेवढा मजकूर गद्यात घालावा लागतो, हे विसरू नका. नाहीतर रुसवा आधी आणि भांडण नंतर असा प्रकार होतो.

---

साकी_दिंडी

रंगपट नाना, सौभद्राचं नाव काढून तुम्ही त्यांना मोहात पाडताय. सौभद्राला अर्जुन, कृष्ण, नारद असे तीन गाते पुरुष लागतात, आणि तिघांची गायकी वेगळी. नव्या मंडळाला एक धड गाता नायक मिळाला तरी पुष्कळ.

माझं मत ठाम आहे: पहिलं नाटक देवलांचं 'शारदा'. 1899 चं नाटक, पण आपल्या भागात मुलींच्या लग्नाच्या वयाचा विषय अजून शिळा झालेला नाही, त्यामुळे प्रेक्षकाला समजावून द्यावं लागत नाही. गाण्याचा भार शारदा, तिच्या मैत्रिणी आणि कोदंड यांच्यात वाटला जातो. आणि साक्या, दिंड्या अशा साध्या चालीच्या रचना भरपूर. त्यांना मोठी तान लागत नाही, शब्द स्वच्छ आणि सूर सरळ असला की काम भागतं. भजनी मंडळातल्या माणसाला दिंडीची चाल तासाभरात बसते, ख्याल अंगाच्या, म्हणजे रागदारीच्या पदाला दोन महिने पुरत नाहीत.

मुलींच्या घोळक्याच्या प्रवेशांसाठी गळे कुठून आणायचे तेही सांगते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत गल्लोगल्ली भुलाबाईची गाणी चालू असतात. तिथे जाऊन कान देऊन उभे राहा. दहा-बारा मुलींत दोन तरी अशा असतात की ज्यांच्या सुरावर बाकीच्या चालतात. त्याच पाहिजेत. संगीताच्या परीक्षा झाल्यात की नाही हे नंतर बघा. पण आयांना आधी भेटा, तालमीची वेळ आणि घरी पोचवायची सोय पहिल्याच भेटीत सांगा. मुली गळतात त्या गाण्यामुळे गळत नाहीत, रात्री साडेदहाला घरी कोण सोडणार यावर गळतात.

---

पायपेटी

वाद्यांबद्दल.

ऑर्गन म्हणजे पायपेटी हवीच, असा अनेकांचा हट्ट असतो. तिचा आवाज हातपेटीपेक्षा गोल आणि लांब टिकणारा लागतो, कारण हातपेटीत भाता वारा दाबून सुरांतून बाहेर ढकलतो आणि ऑर्गनमध्ये वारा आत ओढला जातो. दोन्ही हात मोकळे राहतात हा दुसरा फायदा. पण जुनी पायपेटी घेताना तीन गोष्टी तपासल्याशिवाय पैसे देऊ नका:

– दोन्ही पायटे मारून सगळे सूर बंद ठेवून थांबा. पायट्यातली ओढ लगेच सैल पडली तर भाता फुटका आहे. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात कातड्याच्या घड्या तडकतात.
– मागची फळी काढून बॅटरी मारा. उंदरांनी नमदा कुरतडलेला असेल तर सूर दाबल्यावर परत वर येत नाही. दुरुस्तीनंतर आत डांबरगोळ्यांची पुरचुंडी बांधून ठेवा.
– पट्टी तपासा. जुना ऑर्गन आजच्या पट्टीपेक्षा थोडा वर किंवा खाली असू शकतो. असेल तर इलेक्ट्रॉनिक तानपुरा ऑर्गनला जुळवून घ्या, त्यावर बारीक जुळवणीचं बटण असतं. सूर घासून ऑर्गनच बदलायला जाऊ नका. आणि त्याच्यासोबत कीबोर्ड किंवा बासरी लावायचा मोह झाला तर आधी पट्टी जुळते का ते बघा.

पायपेटी मिळाली नाही तर अडून बसू नका. स्केल चेंज हातपेटी चालेल. पट्टीबदल करताना पदांच्या मध्ये सरकपट्टी हलवायला दोन सेकंद लागतात, बोटं तीच राहतात. नव्या पेटीवाल्याला हे सोयीचं. तोटा एवढाच की एक हात भात्यात अडकतो, त्यामुळे आलापीची साथ पातळ होते.

तबले दोन घ्या. बारीक तोंडाचा पुरुषांच्या पट्टीसाठी, मोठ्या तोंडाचा बायकांच्या पट्टीत खालच्या षड्जाला लावायला. एकच तबला ठोकून ठोकून वर-खाली करत बसलं की पुडी (वरचं कातडं) जाते, वादीही ताणते.

खान्देशात खरा घोळ हवेचा आहे. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात कातडं ताणतं आणि तबला आपोआप चढतो. हॉलमध्ये कूलर लावला की दमट हवेने तोच तबला उतरतो. पेटी काही हलत नाही. पहिला अंक संपेपर्यंत दोघांत फरक पडतो आणि सगळे गायकाकडे संशयाने बघायला लागतात. कूलरचा झोत प्रेक्षकांवर, साथीदारांवर कधीच नाही. जानेवारीत मैदानावर रात्री नऊनंतर दव पडतं, तेव्हाही तबला उतरतो. दुसरा तबला जाड कापडात झाकून ठेवायचा, मध्यंतरात दोन्ही पुन्हा लावायचे, हातोडी विंगेत नव्हे तर तबलजीच्या मांडीपाशी.

---

वहीवाला

मंडळी, सगळं पुण्या-सांगलीकडचंच का?

आपल्याकडे वही आहे. डफावर कथा गाणारे, मागे झील (कोरस) धरणारे. आपल्याकडचा तमाशा आहे, गण-गवळण-बतावणी-वग या क्रमाने प्रेक्षकाला बसवून ठेवणारा. सातपुड्याकडे सोंगाड्या पार्ट्या आहेत. या लोकांना रात्रभर मैदानावर आवाज फेकायची सवय आहे. त्यांना मंडळात घ्या की भो. अहिराणी संगीतक करा. प्रेक्षक चालत येईल.

---

रंगपट

वहीवाला, तुम्हनं म्हणणं एकदम खरं शे, पण दोन व्यावहारिक गोष्टी.

डफ ठरावीक पट्टीत लावता येत नाही. तो शेकायचा, जेवढा चढेल तेवढा चढेल, आणि पंधरा-वीस मिनिटांत उतरेल. पेटीबरोबर एकाच पदात डफ घातला की दोन्ही बिघडतात. डफाचे तुकडे वेगळे ठेवा: सूत्रधाराचं निवेदन, प्रवेशांमधला जोड, लढाईची वार्ता. तिथे पेटी गप्प. शेकोटी मंडपापासून लांब, आणि तिथे एक माणूस नेमून द्या, कारण ऐन वेळी डफ थंड असतो.

दुसरं, वहीचा गळा उघडा आणि वरच्या पट्टीत लागतो. त्याला काळी एकमध्ये बसवून नाट्यपद म्हणायला लावलं तर त्याचा गळा दबतो आणि त्याची मजाही जाते. त्याच्या पट्टीत त्याचं काम द्या.

अहिराणी संगीतकाला माझा विरोध नाही, उलट ते व्हायलाच हवं. पण ते नवं लिहावं लागेल, चाली बांधाव्या लागतील. पहिल्या वर्षी मंडळ उभं करणं, नाटक लिहिणं आणि चाली बांधणं ही तिन्ही एकत्र अंगावर घेतली तर तिन्ही अर्धी राहतात. बसवलेलं, चाली ठरलेलं नाटक घेऊन आधी माणसं एकमेकांना सरावू द्या.

---

साकी_दिंडी

भाषेचा विषय निघालाय तर उच्चारांचं लिहिते. आपल्याकडे 'ळ'चा 'य' होतो, डोळ्याचा डोया. 'ण' आणि 'न' एकमेकांच्या जागी फिरतात. गद्यात ते एखाद्या पात्राला शोभूनही दिसतं. पदात मात्र लांब सुरावर उघडं पडतं, कारण श्रोत्याचं लक्ष त्या एकाच अक्षरावर असतं.

उपाय सोपा आहे. पदाची संहिता देताना प्रत्येक 'ळ' आणि 'ण' लाल पेनाने गोल करून द्या. सूर लांबवायचा तो त्या अक्षरातल्या स्वरावर, व्यंजनावर नाही: 'गळा'तला 'ळ' जीभ मागे वळवून पटकन घ्यायचा आणि पुढच्या 'आ'वर उभं राहायचं. तालमीच्या सुरुवातीला दहा मिनिटं नुसतं पद वाचून घ्या, चालीशिवाय, मोठ्याने. बहुतेक तालमींत हेच होत नाही. चाल पाठ होते, शब्द अर्धवट राहतो आणि तो नंतर सुधारत नाही, कारण चुकलेला शब्द चालीत घट्ट बसलेला असतो.

आणि कृपा करून कुणाच्या बोलण्याला हसू नका. तालीम मास्तरने एकदा सगळ्यांसमोर नक्कल केली की तो माणूस पुढच्या तालमीला येत नाही.

---

सही_शिक्का

कागदपत्रांचा भाग मी घेतो. कंटाळवाणा आहे, पण मंडळं इथेच अडकतात.

1) नोंदणी. संस्था नोंदणी अधिनियम 1860 खाली किमान सात सभासद लागतात. घटना, नियमावली, सात जणांची ओळखपत्रं, कार्यालयाच्या पत्त्यासाठी जागामालकाचं ना-हरकत पत्र. मग महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खाली धर्मादाय कार्यालयात अर्ज, तीन महिन्यांच्या आत. सात जण एकाच घरातले घेऊ नका. घटनेत कार्यकारिणीची मुदत, कोरम आणि 'एखादा पदाधिकारी सलग इतक्या सभांना गैरहजर राहिला तर काय' हे कलम घालाच.

2) बदल अर्ज. हा सगळ्यात दुर्लक्षित कागद. कार्यकारिणी बदलली, विश्वस्त वारला, पत्ता बदलला, की 90 दिवसांच्या आत बदल अर्ज गेला पाहिजे. लोक नवी कार्यकारिणी निवडतात, हार घालतात आणि कागद पाठवायचा राहतो. काही वर्षांनी बँकेत सही बदलायला गेलं की बँक धर्मादायचा उतारा मागते, उताऱ्यावर नावं जुनीच. खातं गोठतं. मागचे सगळे बदल एकेक करून मंजूर करून घेण्यात वर्षं जातात.

3) संहिता. तिकीट असो वा नसो, जाहीर प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र हवं. जुन्या नाटकालाही. तुमची कापलेली, बदललेली संहिताच पाठवा, छापील पुस्तक नव्हे. राज्य स्पर्धेला जायचा विचार असेल तर हे लागणारच आहे.

4) हक्क, म्हणजे कॉपीराइट. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. किर्लोस्कर, देवल, गडकरी, खाडिलकर यांचं लेखन मोकळं आहे. पण नाटक आणि पदं वेगवेगळ्या माणसांची असतील तर प्रत्येकाचा हिशोब वेगळा. 'एकच प्याला' गडकऱ्यांचं, ते 1919 मध्येच गेले. त्यातली पदं वि. सी. गुर्जरांची, ते 1962 मध्ये गेले, म्हणजे पदं 2023 पासून मोकळी. चालीचंही तसंच. विद्याधर गोखल्यांच्या पिढीची नाटकं अजून हक्कात आहेत, वारसांची लेखी परवानगी आणि मानधन दोन्ही लागतं. बाजारातल्या ध्वनिमुद्रणावर गायचं म्हणाल तर ते आणखी वेगळं प्रकरण. त्यात पडू नका.

5) ध्वनिक्षेपक. उघड्या मैदानावर रात्री दहानंतर बंद. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत सरकार वर्षातले मोजके दिवस, जास्तीत जास्त पंधरा, बारापर्यंत सूट देऊ शकतं. पण ते दिवस सणांनाच जातात, तुमच्या प्रयोगाला मिळतील असं धरू नका. मैदानावर प्रयोग म्हणजे साडेसहाला नांदी.

6) तिकीट माणशी 500 रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी नाही.

---

विंगेतून

मैदान की मंगल कार्यालय, हा प्रश्न आहे. दोन्हीचा त्रास वेगळा.

मंगल कार्यालयात फरशी, गिलाव्याच्या भिंती, वर पत्रा. तिथे शब्द घुमतो. आवाज वाढवून ते सुटत नाही, आणखी चिघळतं. प्रेक्षकांच्या मागच्या भिंतीवर आणि दोन्ही बाजूंना मंडपवाल्याकडचे जाड पडदे किंवा सतरंज्या सोडा, खाली जाजम अंथरा. खांबासारखे दोन मोठे स्पीकर लावण्यापेक्षा हॉलच्या मध्यावर दोन लहान स्पीकर, कमी आवाजात. रिकाम्या हॉलमध्ये आवाज तपासलात तर माणसं भरल्यावर तो कोरडा होतो, तेवढी जागा धरून चाला.

माईक. कॉलर माईक हौशी मंडळाला महाग आणि बेभरवशाचे, घामाने आणि शालूच्या काठाने खरखरतात. 30 फुटी रंगमंचाला पुढच्या कडेवर तीन बैठे माईक आणि वर दोन टांगते पुरतात. नियम एक: नट एका माईकपासून 3 फुटांवर असेल तर दुसरा माईक त्या पहिल्या माईकपासून निदान 9 फुटांवर. जवळ ठेवले तर एकच आवाज दोन माईकांत पुढेमागे शिरतो आणि पोकळ ऐकू येतो. बैठ्या माईकखाली फोमचा तुकडा, नाहीतर प्रत्येक पाऊल ढोलासारखं वाजेल. तबल्याला माईक लागतो, पण अगदी थोडा. ध्वनीवाला लग्नाच्या ऑर्केस्ट्रातला असेल तर तो तबला आणि घुमारा दोन्ही चढवणार. त्याला निदान एका पूर्ण तालमीला बसवा, पैसे देऊन बसवा.

साथीदारांची जागा: पेटीवाल्याला गाणाऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे. रंगमंचाच्या पुढे, एका बाजूला, जमिनीवर. विंगेत कोंबलं तर गायक तान संपवून समेवर कधी येतोय ते त्याला दिसत नाही, आणि प्रत्येक पद अर्धी मात्रा मागे पडतं. साथीदारांकडे एक लहान स्पीकर उलटा तोंड करून द्या, त्यात फक्त गायक.

वीज: 500 वॅटचे 12 दिवे म्हणजे 6 किलोवॅट, ध्वनी अडीच-तीन, रंगपटातले दिवे-पंखे एक. दहाच्या आसपास. 15 केव्हीएचा जनरेटर पुरतो, तो मंडपापासून दीडशे फूट तरी लांब आणि वाऱ्याच्या उलट बाजूला. प्रयोग पहिल्यापासून जनरेटरवरच चालवा. लाईट गेल्यावर सुरू करू म्हणाल तर त्या मधल्या मिनिटात नायिकेचं पद अर्ध्यावर तुटलेलं असेल.

नेपथ्यावर पैसे घालू नका. 8 बाय 4 फुटांच्या आठ चौकटी, लाकडी पट्ट्यांवर मांजरपाट ताणून, एका बाजूला महाल, दुसऱ्या बाजूला बाग. उलटवल्या की प्रवेश बदलला. ड्रेपरी, म्हणजे पोशाख, जळगावात किंवा नाशकात भाड्याने मिळेल. टोप आधी डोक्यावर घालून बघा, प्रयोगाच्या दिवशी नको.

---

तापीकाठ

मंडळी, सोनं दिलंत. दोन प्रश्न उरले. तालमी कधी धरायच्या? आणि मूळ प्रश्न, संस्थापकाने स्वतः काय करायचं? आमच्याकडे ज्यांच्या डोक्यात हे आलं, ते स्वतः उत्तम गातात, घरची ऐपत आहे, पहिला खर्चही तेच करायला निघालेत.

---

साकी_दिंडी

तालमीचं गणित शेती आणि साथीदार यांच्यावर बांधा. श्रावणात सप्ताह आणि कानबाईचा सण, मग गणपती, नवरात्रात तबलजी गरब्यात. दसरा झाल्यावर कापूस वेचणी, बायका आणि शेतकरी दोघंही दमलेले. एप्रिल-मे लग्नसराई, पेटीवाला नाही. मला बसणारं वेळापत्रक असं: जुलैपासून आठवड्यातून दोन दिवस फक्त पदं, दोघा-दोघांना बोलावून, पूर्ण संच नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून आठवड्याला चार दिवस, रात्री साडेसात ते दहा, गद्य आणि हालचाली. जानेवारीच्या शेवटी प्रयोग. जानेवारीत जळगावला बालगंधर्व संगीत महोत्सवही असतो, मुलांना एक दिवस तरी घेऊन जा, तयार कान तिथे होतात.

शेवटच्या दोन आठवड्यांत नवं पद घालायचं नाही. सुचलं तरी नाही.

---

रंगपट

आता मूळ प्रश्न. तुमचे संस्थापक गातात, पैसेही देतात आणि बहुधा नायकही होणार. मंडळ बुडायला एवढं पुरेसं आहे.

चार कामं आहेत: तालीम मास्तर, व्यवस्थापक, खजिनदार, गाता नायक. एका माणसाने यातलं एक घ्यावं, फार तर दोन. खजिना संस्थापकाकडे कधीच नाही. ते जे पैसे घालणार ते देणगी की उसने, हे पहिल्या दिवशी पावतीवर लिहा. तोंडी 'बघू नंतर' ठेवलं की तिसऱ्या वर्षी तेच भांडणाचं कारण होतं. आणि प्रत्येक गात्या भूमिकेला एक बदली गळा तयार, निदान पदांपुरता.

अण्णासाहेब किर्लोस्करांचं बघा. 1880 साली 31 ऑक्टोबरला पुण्यात 'शाकुंतल'चा पहिला प्रयोग, 1885 च्या नोव्हेंबरात ते गेले. संस्थापक म्हणून हाताशी जेमतेम पाच वर्षं. तिसरं नाटक 'रामराज्यवियोग' अपुरंच राहिलं. तरी त्यांची किर्लोस्कर नाटक मंडळी चालली, कारण गाणं त्यांनी स्वतःपुरतं ठेवलं नव्हतं. ते सूत्रधार म्हणून उभे राहिले, पण गाण्याचा मुख्य भार मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर, मग भाऊराव कोल्हटकर यांच्यावर टाकला. तालमीला देवलांसारखा माणूस होता. संस्थापक जाऊन वीस वर्षं झाल्यावर, 1905 मध्ये, त्याच मंडळीत बालगंधर्व दाखल झाले. जळगावात लहानपणी मेहबूब खाँकडे शिकलेला गळा त्या घडीत बसला, घडी आधीपासून होती म्हणून.

उलट गंधर्व नाटक मंडळी. 1913 मध्ये बालगंधर्व, गोविंदराव टेंबे, गणपतराव बोडस अशा तिघांनी काढली. टेंबे लवकर बाहेर पडले, पुढे बोडसही. नंतर मंडळी म्हणजे एक गळा आणि त्या गळ्यावरचं कर्ज. तो गळा थोर होता म्हणून ती इतकी वर्षं चालली. तुमच्या-आमच्या गावात तसा गळा नसतो.

---

पायपेटी

नाना, ही तुलना थोडी ताणलेली वाटते. त्या पगारी मंडळ्या होत्या, माणसं बिऱ्हाडासकट फिरत. हौशी मंडळात कुणी कुणाला बांधील नाही. तिथे संस्थापकाची ओढ हेच भांडवल असतं. त्याने मागे सरायचं म्हटलं तर पहिला प्रयोगच होणार नाही.

---

रंगपट

पहिला प्रयोग त्याच्या जोरावर होऊ द्या, हरकत नाही. मी दुसऱ्या प्रयोगाबद्दल बोलतोय. हौशी म्हणूनच तर हे जास्त लागू आहे. पगारी नट रुसला तरी पहिल्या तारखेपर्यंत थांबतो, हौशी दुसऱ्या दिवशी येत नाही. मधला मार्ग हवा असेल तर: पहिल्या नाटकात संस्थापकाने गावं, दुसऱ्यात फक्त तालीम घ्यावी. आणि हे घटनेत नाही, पण पहिल्या सभेच्या इतिवृत्तात लिहून ठेवा.

---

तापीकाठ

लिहून ठेवतो, त्यांना दाखवतोही. बहुतेक 'शारदा' ठरतंय. पण पाचही अंक पहिल्याच वर्षी झेपतील असं वाटत नाही. निवडक प्रवेश करून सव्वा तासाचा कार्यक्रम केला तर ते अर्धवट दिसेल का?

---

साकी_दिंडी

मुळीच नाही. 'शाकुंतल'च्या पहिल्या प्रयोगात सातपैकी चारच अंक झाले होते. 'सौभद्र'ही 18 नोव्हेंबर 1882 ला तीन अंकांपुरतंच आलं, पूर्ण नाटक पुढच्या वर्षी. सुट्या प्रवेशांची माळ मात्र करू नका, सलग दोन अंक घ्या. पहिले दोन घेतले तर मुलींचे प्रवेश येतात, आणि गोष्ट कळायला निवेदक लागत नाही.

---

विंगेतून

तसं असेल तर एक छोटं काम आजच करून टाका. संहितेच्या प्रती पानाच्या एकाच बाजूला छापा, समोरची बाजू कोरी. डाव्या कोऱ्या पानावर पट्टी, ताल, कोण कुठल्या विंगेतून येतो, कुठला तबला. एकूण प्रती पात्रांइतक्या आणि वर पाच: तालीम मास्तर, पेटी, तबला, प्रकाश, आणि प्रॉम्प्टर. प्रॉम्प्टरची प्रत सगळ्यात मोठ्या टायपात, कारण विंगेत उजेड नसतो. आणि शेवटच्या पंधरा तालमींत ती दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही.

---

तापीकाठ

छपाईला रविवारी टाकतो. मुलींच्या आयांची बैठक कधी ठेवली ते कळवतो. साकी_दिंडी ताई, ळ-णच्या खुणांसाठी एखादं पान नमुना म्हणून टाकाल का?

---

साकी_दिंडी

टाकते. नांदीचं पान करते, ते सगळ्यांनाच म्हणायचं आहे.